चार सीडींची एक मोट



समजा, तुम्ही कारंज्याच्या बाजारातून सोयाबीनच्या बियाण्याच्या चार पिशव्या आणल्या आणि रात्री तिसरी पिशवी उंदरांनी फोडली. नुकसान झाले खरे, पण राहिलेल्या तीन पिशव्यांत पाऊण वावर तरी पेरून होईल. संगणकाच्या सीडींचे मात्र तसे नाही. एखादा प्रोग्राम चार सीडींवर आला असेल आणि त्यातली एक खराब झाली, तर उरलेल्या तीन चांगल्या असूनही बहुतेक वेळा वावर कोरडेच राहते. हा धडा मी पुस्तकात वाचलेला नाही, स्वतः ठेच लागून शिकलो आहे. तुमच्यापैकी बऱ्याच घरांत, दूध संस्थेत, सोसायटीत, शाळेत किंवा छापखान्यात जुन्या सीडी अजून कपाटात पडून आहेत. म्हणून ही हकीकत आणि तिच्यावरचा उपाय आज सांगतो.

पाटल्यांची नोंद

गोष्ट २००७ सालच्या जून महिन्याची. नोकरीच्या निमित्ताने गावोगाव फिरताना मी काही शेतकऱ्यांना पिकाचा खर्च आणि उत्पन्न लिहून ठेवायची सवय लावत होतो. ज्यांना लिहिणे जमत नसे, त्यांचे आकडे मी घरच्या संगणकावर टिपून ठेवी. अमरावतीच्या एका मित्राने मला फेडोरा कोअर ३ ही लिनक्सची संगणक-प्रणाली चार सीडींवर उतरवून दिली होती. ती फुकट आणि कायदेशीर होती. नोव्हेंबर २००४ मध्ये ती निघाली. तिच्यासोबत ओपनऑफिस हा लिखापढीचा आणि हिशेबाच्या तक्त्यांचा प्रोग्राम येत असे. माझे सगळे तक्ते त्यात होते.

त्या तक्त्यांत तालुक्यातल्या दोन भावांचा संत्र्याच्या बागेचा पाच वर्षांचा हिशेब होता. गावाचे नाव सांगत नाही. भावांच्या वाटणीची बोलणी सुरू झाली होती. विहीर खोल केली, मोटार बसवली, कलमे लावली, त्यात कोणाचा किती पैसा गेला यावर पुढचे सगळे ठरणार होते. कागदाच्या वहीला वाळवी लागलेली. दोघेही म्हणाले, "सायेबांच्या कॉम्प्युटरात आहे ना सारं, ते म्हनतील ते कबूल." आठ दिवसांनी बैठक ठरली.

आणि त्याच आठवड्यात माझ्या संगणकाची हार्ड डिस्क गेली.

मी घाबरलो नाही. तक्त्यांची एक नक्कल वेगळ्या सीडीवर काढून ठेवली होती. नवी हार्ड डिस्क बसवली आणि फेडोराच्या सीडी बाहेर काढल्या. पहिली चालली, दुसरी चालली. पडद्यावर तिसरी घालण्याची सूचना आली, ती मी घातली. थोड्या वेळाने संगणक म्हणाला, अमुक फाइल वाचता येत नाही, पुन्हा प्रयत्न करा. मी पुन्हा प्रयत्न केला, कापसाने पुसून पाहिले, रात्री दोन वाजेपर्यंत बसलो. पण तो एकाच जागी अडलेल्या बैलासारखा पुढे पाऊल टाकीना. ती फाइल सोडून पुढे जाण्याची सोयच त्यात नव्हती.

चूक कोणाचीच नव्हती, माझीच होती. त्या चार सीडी मी खिडकीच्या फळीवर, पाकिटाविना, एकावर एक ठेवल्या होत्या. वैशाखातले ऊन आणि धुळीचे कण यांनी तिसरीचे काम केले होते. सुरुवातीलाच तो प्रोग्राम विचारतो, की सीडी तपासून पाहू का? ते मी दरवेळी घाईने टाळत आलो होतो.

गावातल्या सायबर कॅफेत गेलो. तिथल्या संगणकांवर दुसरा प्रोग्राम होता, त्याला माझे तक्ते उघडेनात. टेलिफोनच्या तारेवरची जोडणी अशी, की ७०० मेगाबाइटची एक सीडी उतरवायला सेकंदाला ५६ हजार बिट्सचा पूर्ण वेग मिळाला तरी २९ तास लागावेत, आणि पूर्ण वेग कधी मिळतच नसे. आज कळते, की सगळी सीडी न उतरवता एकटे ओपनऑफिस उतरवले असते तरी काम भागले असते. तेव्हा ते सुचले नाही. गडबडीत माणसाला वाट दिसत नाही, ती आधीच पाहून ठेवावी लागते.

शेवटी एसटीने अमरावती गाठली. मित्राचा मुलगा तेव्हा अभियांत्रिकीला होता. तो म्हणाला, "काका, चार सीडी परत देण्यापेक्षा मी तुम्हाला एकच डीव्हीडी करून देतो. आणि कशी केली तेही दाखवतो, म्हणजे पुन्हा यावं लागणार नाही." बैठकीच्या आदल्या रात्री माझा संगणक उभा राहिला आणि तक्ते उघडले.

दुसऱ्या दिवशी मी आकडे वाचून दाखवले. मोटारीच्या रकमेपुढे माझ्याच हाताने टिपलेले होते : धाकट्या सूनबाईच्या पाटल्या गहाण ठेवून. दोन्ही भाऊ ही गोष्ट विसरले होते. ती बाई दाराआड उभी होती, पण एक शब्द बोलली नव्हती. थोरला भाऊ बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "पहिले वहिनीच्या पाटल्या सोडवू जी, मंग बाकीचं पाहू." वाटणी झाली, भांडण झाले नाही.

ती नोंद त्या दिवशी उघडली नसती तर त्या बाईच्या बाजूने बोलायला कोणी नव्हते. म्हणून मी सीडी जोडण्याच्या या बारीकशा कामाला लहान मानत नाही.

इतक्या सीडी का असत?

तरुण वाचकांना प्रश्न पडेल, की एक प्रोग्राम चार-चार सीडींवर कशाला? कारण साधे आहे. माल मोठा आणि गाडी लहान. १९९५ साली विंडोज ९५ आली तेव्हा ती तेरा फ्लॉपींवरही मिळत असे. पुढे सीडी आली. तिच्यात ७०० मेगाबाइट माल बसतो. पण प्रोग्रामही वाढत गेले. २००३ ची रेड हॅट लिनक्स ९ तीन सीडींवर होती. जून २००५ मध्ये डेबियन ३.१ निघाली, तिचा पूर्ण संच १४ सीडींचा होता. डीव्हीडीत ४.७ गिगाबाइट, म्हणजे साधारण सहा सीडींचा माल मावतो. सीडी बैलगाडी मानली तर डीव्हीडी म्हणजे ट्रॅक्टरची ट्रॉली. चार खेपांचा माल एका खेपेत जातो.

मग पहिल्यापासून डीव्हीडीच का दिली नाही? कारण त्या काळी पुष्कळ संगणकांना डीव्हीडी वाचता येत नव्हती. आजही हेच पहिले पथ्य आहे. तुमच्या जुन्या संगणकाचा खण डीव्हीडी वाचतो की फक्त सीडी, हे आधी पाहा. खणाच्या दारावर तसे चिन्ह छापलेले असते. ट्रॉली घेतली आणि पांदण अरुंद निघाली, असे व्हायला नको.

जोडणी कशी करावी

हे काम घरातल्या बारावी झालेल्या मुलाला किंवा मुलीला जमेल. त्यांना शेजारी बसवून हा भाग वाचून दाखवा.

पहिले काम पाहणीचे. सगळ्या सीडी मोजा, क्रमाने लावा. उजेडात तिरप्या धरून ओरखडे पाहा. पुसायची झाल्यास मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल फिरवू नका. सीडीची वरची, नाव छापलेली बाजू जास्त नाजूक असते, कारण चकाकणारा थर त्या लाखेच्या लगेच खाली असतो. लोक खालची बाजू जपतात आणि वरच्या बाजूवर टोकदार पेनने लिहितात. त्यानेच सीडी जाते.

दुसरे काम उतरवून घेण्याचे. हार्ड डिस्कवर प्रत्येक सीडीसाठी वेगळे फोल्डर करा, एक, दोन, तीन, चार असे. प्रत्येक सीडी तिच्या फोल्डरमध्ये पूर्ण उतरवा. लपवलेल्या फाइलीही आल्या पाहिजेत, त्या दाखवण्याची सोय आधी सुरू करा. एखादी फाइल अडली तर इथेच कळेल. तशी सीडी दुसऱ्या संगणकाच्या खणात घालून पाहा. एका खणाला न वाचता येणारी सीडी दुसऱ्याला वाचता येते, असे पुष्कळदा घडते.

तिसरे काम एकत्र करण्याचे. पहिली सीडी हे घर समजा, बाकीच्या सीडी हे सामान. फेडोराच्या संचात प्रत्येक सीडीवर प्रोग्रामच्या गाठोड्यांचे एकाच नावाचे फोल्डर असते. दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या सीडीतली गाठोडी पहिलीच्या त्याच फोल्डरमध्ये आणून टाकायची. एकाच नावाच्या दोन फाइली समोर आल्या तर डोळे मिटून 'बदला' म्हणू नका. थांबा, कोणती कोणत्या सीडीची ते पाहा. शंका असली तर पहिल्या सीडीची ठेवा.

चौथे काम सर्वांत महत्त्वाचे, आणि लोक नेमके तेच विसरतात. माल एकत्र आला म्हणून संगणकाला तो आपोआप कळत नाही. दोन गावांची दप्तरे एका कपाटात ठेवली म्हणून तलाठ्याला खाते सापडत नाही, त्याला नवी अनुक्रमणिका करावी लागते. तसेच इथे. फेडोरा कोअरच्या पहिल्या सीडीवर 'डिस्कइन्फो' नावाची, सुरुवातीला टिंब असलेली एक छोटी लपलेली फाइल असते. तिच्या चौथ्या ओळीत त्या सीडीचा क्रमांक, म्हणजे १, लिहिलेला असतो. तिथे स्वल्पविराम देत १, २, ३, ४ हे आकडे इंग्रजी अंकांत, मध्ये जागा न सोडता लिहायचे. मग प्रोग्राम पुढची सीडी मागत नाही, कारण चारही याच आहेत असे त्याला कळते. एका ओळीतला एवढासा फरक, पण तो केला नाही तर सगळा माल समोर असूनही संगणक दुसरी सीडी मागत बसतो. डेबियनमध्ये काम थोडे जास्त आहे. तिथे प्रत्येक सीडीवर आपापल्या मालाची यादी असते, त्यामुळे सर्व मालाची यादी नव्याने तयार करावी लागते.

विंडोजवर चालणाऱ्या प्रोग्रामची तऱ्हा आणखी निराळी. काही प्रोग्राम शेजारच्या फोल्डरात 'डिस्क १', 'डिस्क २' अशा नावांनी ठेवलेला माल आपणहून शोधून घेतात. काही सगळा माल एकाच फोल्डरात असला तरी चालवून घेतात. काही मात्र सीडीचे नाव तपासतात आणि नाव जुळले नाही तर पुढे जात नाहीत. म्हणून प्रत्येक सीडीचे मूळ नाव आधीच वहीत जसेच्या तसे टिपून ठेवा.

पाचवे काम सुरुवातीच्या भागाचे. संगणक चालू होतानाच ज्या सीडीवरून काम सुरू होते, तिच्यात एक चालू करणारा भाग असतो. नुसत्या फाइली डीव्हीडीवर टाकल्या तर तो आपल्या जागी बसत नाही. इंजिनाविना मोटार उभी केल्यासारखे होते. डीव्हीडीची प्रतिमा, म्हणजे आयएसओ फाइल तयार करताना हा भाग कुठे आहे ते सांगावे लागते. फेडोरात तो 'आयसोलिनक्स' फोल्डरमध्ये आहे. त्याच वेळी 'रॉक रिज' आणि 'जोलिएट' या दोन सोयी चालू ठेवाव्यात. त्या नसल्या तर लांब नावे कापली जातात आणि नाव कापलेली फाइल सापडत नाही.

सहावे काम लिहिण्याचे. चांगली कोरी डीव्हीडी घ्या आणि सावकाश वेगाने लिहा. लिहून झाल्यावर पडताळणी करू द्या. बियाण्याची उगवण तपासल्याशिवाय आपण पेरत नाही, इथेही तेच. शेवटी एखाद्या रिकाम्या संगणकावर ती डीव्हीडी सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालवून पाहा. हे होईपर्यंत जुन्या सीडी हातावेगळ्या करू नका. झाल्यावरही फेकू नका.

डीव्हीडी की पेनड्राइव्ह?

आजच्या बहुतेक नव्या लॅपटॉपला खणच नसतो. तारेने जोडायचा बाहेरचा खण मिळतो. दहा घरांत एक घेतला तरी पुरे, फवारणीचा पंप आपण एकमेकांना देतोच. आयएसओ फाइल पेनड्राइव्हवर आणि दुसऱ्या हार्ड डिस्कवर ठेवा. एक गोष्ट ध्यानात असू द्या. फॅट-३२ पद्धतीने तयार केलेल्या पेनड्राइव्हवर ४ गिगाबाइटपेक्षा मोठी एकच फाइल मावत नाही. पुष्कळ जण पेनड्राइव्ह बिघडला समजून नवा आणतात. पेनड्राइव्ह बिघडलेला नसतो, त्याची बांधणी बदलावी लागते. ती बदलताना आतला माल पुसला जातो, म्हणून तो आधी काढून घ्या.

घरी लिहिलेल्या सीडी-डीव्हीडीत रंगाचा एक थर असतो, तो उन्हाने उडतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. पत्र्याखालच्या माळ्यावर सीडी ठेवणे म्हणजे बियाणे उन्हात वाळत घालून विसरण्यासारखेच. थंड, कोरड्या, अंधाऱ्या जागी, प्रत्येक वेगळ्या पाकिटात, पुस्तकासारखी उभी ठेवावी. वर कागद चिकटवू नये. आणि नक्कल एकाच घरात ठेवू नये. एक आपल्याकडे, एक मामाकडे.

कायद्याचे दोन शब्द

तुमच्या घरी कायदेशीरपणे घेतलेला प्रोग्राम असेल, तर तो नष्ट किंवा खराब होऊ नये म्हणून स्वतःपुरती राखीव नक्कल काढण्याची मुभा १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमात आहे. ती नक्कल विकण्याची किंवा गावभर वाटण्याची मुभा नाही. लिनक्ससारख्या मुक्त प्रोग्रामचे तसे नाही. त्यांच्या परवान्यातच नक्कल काढणे आणि वाटणे मान्य केलेले असते. म्हणूनच १९९६ पासून पीसीक्वेस्टसारख्या मासिकाला वाचकांपर्यंत लिनक्सच्या सीडी पोचवता आल्या. ज्या खेड्यात इंटरनेट नव्हते, तिथे टपालाने येणारी सीडी हीच वाट होती. आपले ते मुक्त आणि दुसऱ्याचे ते विकतचे, एवढा फरक मुलांना जरूर शिकवा.

आणखी एक इशारा. फेडोरा कोअर ३ सारख्या जुन्या प्रणालींची दुरुस्ती कधीच थांबली आहे. जुन्या फाइली उघडण्यापुरताच असा संगणक वापरा, इंटरनेटला जोडून बँकेचे व्यवहार त्यावर करू नका.

कारंज्याची जुनी शिकवण

नकला काढून ठेवणे आपल्या कारंज्याला नवे नाही. नृसिंह सरस्वतींचे हे जन्मस्थान म्हणून सारा महाराष्ट्र इथे येतो. पण इथल्या जैन मंदिरांतल्या ग्रंथभांडारांची कीर्ती विद्वानांत तितकीच मोठी आहे. दहाव्या शतकातल्या पुष्पदंत कवीचे अपभ्रंश काव्य अशा पोथ्यांतून टिकले. 'जसहरचरिउ' हे त्याचे काव्य परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी संपादित केले आणि १९३१ साली ते कारंजा जैन ग्रंथमालेत छापून आले. 'णायकुमारचरिउ' हीरालाल जैन यांनी १९३३ साली काढले. संपादकाने निरनिराळ्या पोथ्या पुढे घ्यायच्या, एकीतले गळलेले दुसरीवरून भरायचे, पाने क्रमाने लावायची आणि एक ग्रंथ उभा करायचा. कवीच्या हातचे पान आज कोणाकडे नाही. कोणी तरी वेळेवर नक्कल काढली, तिच्यावरून पुढच्याने काढली, म्हणून ते शब्द हजार वर्षे आले. पान जीर्ण होण्याआधी नक्कल काढायची, हाच तो नेम.

आता काय करावे?

पाऊस लागला की दुपारी घरी बसावे लागते. त्यातली एक दुपार या कामाला द्या. कपाट उघडा. दूध संस्थेच्या हिशेबाचा प्रोग्राम, छापखान्याची मराठी अक्षरे, मुलीच्या शिवणकामाचे नमुने, लग्नाच्या चित्रीकरणाच्या सीडी, जे असेल ते बाहेर काढा. जे वाचता येते ते आजच उतरवून घ्या. पुढच्या वर्षी ते वाचता येईलच याची हमी कोणी देत नाही.

आणि सगळ्यांत मोलाचे : प्रोग्राम चालतो आहे तोवर त्यातले हिशेब आजच्या प्रोग्रामला उघडतील अशा रूपात काढून ठेवा. माझे ते जुने ओपनऑफिसचे तक्ते आज लिबरऑफिसमध्ये उघडतात. हा प्रोग्रामही फुकट मिळतो. महत्त्वाच्या नोंदी कागदावर छापून, दोघांच्या सह्या घेऊन पत्र्याच्या पेटीत ठेवा. वाळवीला कागद आवडतो आणि उन्हाला सीडी. दोघांना एकाच वेळी सापडणार नाही अशा बेताने आपण आपला माल ठेवायचा.

ती डीव्हीडी माझ्याकडे अजून आहे. पाकिटावर चारही सीडींची नावे आणि तारीख लिहिलेली आहे. दरवर्षी मृगाच्या आधी मी ती एकदा चालवून पाहतो. धाकट्या सूनबाईंच्या पाटल्या त्याच वर्षी सुटून आल्या. परवा त्यांच्या नातवाच्या बारशाला गेलो होतो, तेव्हा त्या हातात होत्या.